मोडीतला मद्यघट

चीनच्या शान्शी प्रांतात बाओजी नावाचे शहर आहे. त्याच्या जवळच्या एका गावात १९६३ साली एका शेतकऱ्याला घरामागच्या मातीच्या दरडीतून काशाचे एक अवजड भांडे मिळाले. दोनेक वर्षे ते घरातच राहिले आणि १९६५ साली घरच्यांनी ते भंगारात घातले. तिथल्या ढिगाऱ्यात ते शहराच्या संग्रहालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या नजरेस पडले. भांडे जुने दिसत होते. संग्रहालयाने ते ३० युआनला, म्हणजे निव्वळ धातूच्या भावात, उचलून आणले. उंची ३८.८ सेंटिमीटर, वजन १४.६ किलो. ही नोंद झाली आणि भांडे कपाटात गेले.

पुढची दहा वर्षे कुणाला त्याच्या पोटात डोकावून पाहावेसे वाटले नाही. १९७५ मध्ये एका प्रदर्शनासाठी निवडक कांस्यभांडी गोळा होत होती, तेव्हा शांघाय संग्रहालयाचे मा छंग-युआन यांच्यासमोर ते आले. एवढ्या दिमाखदार भांड्यावर एक अक्षर नाही, हे त्या जाणत्या माणसाला पटेना. त्यांनी आत हात घालून तळ चाचपला. गंजाच्या थराखाली बोटांना काही खडबडीत लागले. गंज काढल्यावर तळाशी बारा ओळी निघाल्या. एकूण १२२ अक्षरे, त्यातली तीन तळाला पडलेल्या भोकाबरोबर गेलेली.

चिनी विद्वान या भांड्याला ‘हो-त्सुन’ म्हणतात. त्सुन हा दारू ठेवण्याच्या भांड्याचा एक प्रकार आणि हो हे ते भांडे घडवून घेणाऱ्या सरदाराचे नाव. तळावरचा मजकूर सांगतो, की चौ घराण्याच्या छंग राजाने आपल्या राज्याच्या पाचव्या वर्षी पूर्वेकडे, आजच्या लोयांगजवळ, नवी राजधानी वसवायला घेतली. तेव्हा त्याने घराण्यातल्या तरुणांना बोलावून सांगितले, की तुमच्या वाडवडिलांनी माझ्या आजोबांना, वन राजाला साथ दिली; आधीच्या शांग घराण्याचे मोठे नगर जिंकल्यावर माझ्या वडिलांनी, वू राजाने, या मधल्या देशात राहून प्रजेचा कारभार पाहण्याचा संकल्प आकाशाला सांगितला होता; तुम्हीही तसेच निष्ठेने राहा.

भाषणानंतर राजाने होला कवड्यांच्या ३० माळा बक्षीस दिल्या. त्या मानाच्या आठवणीसाठी होने आपल्या घरातल्या दिवंगत वडीलधाऱ्याच्या नावाने हे भांडे ओतवून घेतले. काळ ख्रिस्तपूर्व अकराव्या शतकाचा उत्तरार्ध. चीन आज स्वतःला ज्या नावाने ओळखतो, ती दोन अक्षरे एकत्र लिहिलेली सापडतात त्यातले सर्वांत जुने ज्ञात ठिकाण म्हणजे या भांड्याचा तळ. आता ते देशाबाहेर प्रदर्शनालाही पाठवता येत नाही, अशा मोजक्या वस्तूंच्या यादीत आहे.

कवड्यांच्या ३० माळा आणि भंगाराचे ३० युआन हा निव्वळ योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही. कारण मी परतवाड्याचा. आमच्याकडेही भांडे मोडीत घालणे हा सरळ व्यवहार आहे आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

परतवाडा म्हणजे अचलपूरची जुनी छावणी. आज तो लाकडाच्या वखारींचा आणि आरागिरण्यांचा गाव आहे. चिखलदऱ्याचा घाट इथून सुरू होतो आणि बैतूलकडे जाणारा रस्ताही इथूनच. लग्नसराईत मेळघाटातली माणसे भांडी घ्यायला खाली उतरतात. स्टील आले तशी घरोघरची पितळी गुंडे, गंज, कोपर, घंगाळी माळ्यावर गेली आणि माळ्यावरून एकेक करून दुकानात. दुकानदार भांडे काट्यावर ठेवतो, मोडीचा भाव सांगतो, त्यातून घट वजा करतो आणि नव्या स्टीलच्या हिशेबात रक्कम धरतो. काठावर वेलबुट्टी आहे की नाही, घडाईला किती दिवस लागले असतील, याला त्या हिशेबात जागा नसते. दुकानदाराचे त्यात काही चुकत नाही. त्याला पुढे ते भट्टीवरच द्यायचे असते.

आणि तोच दुकानदार नवे भांडे बांधून देताना विचारतो, ‘‘नाव काय टाकाचं, भाऊ?’’

आमच्या घरात एक गंगाजमनी गुंड आहे. खालचा अर्धा भाग तांब्याचा, वरचा पितळेचा. गळ्याखाली आडव्या रेघांचे दोन पट्टे आणि मध्ये कोयरीची रांग. नाव शोधायला मात्र गुंड खिडकीशी न्यावा लागतो. काठाच्या वळणावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे ठोकली आहेत. तेव्हा यंत्र नव्हते. कारागीर लहानशा छिन्नीवर हातोडीचे हलके घाव घालत अक्षर काढी. जागा थोडी म्हणून ‘चि. सौ. कां.’ असे सगळे आखडून घेतलेले, शिरोरेषा गाळलेली, आणि शेवटी काठ संपत आला म्हणून शकाचा आकडा वर चढवलेला. माझ्या आजीला तिच्या मामाने लग्नात दिलेला तो गुंड. त्या मामाचे नाव आमच्या घरातल्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही. ना सातबाऱ्यावर, ना जुन्या पत्रांत. त्या काठावर तेवढे आहे.

तेरवीला किंवा वर्षश्राद्धाला देवळाला, शाळेला भांडी देतात त्यांवर ‘कै.’ लिहून पुढे ‘यांच्या स्मरणार्थ’ असते. होच्या भांड्यावरचा शेवटचा मजकूर याच जातीचा आहे. अमक्याने तमक्यासाठी हे मोलाचे भांडे करविले. चौकालीन कितीतरी भांड्यांवर त्यापुढे एक ठरीव वाक्यही येते. मुलानातवंडांनी हे कायम जपावे आणि वापरावे, अशा अर्थाचे. आपल्या ताम्रपटांतही दान पुत्रपौत्रांकडे चालत राहो आणि चंद्रसूर्य असेपर्यंत टिको, असे येते. धातूवर लिहायला बसले की माणसाला नातवंडे आठवतात, मग लिपी कोणती का असेना.

पण फरकही आहे आणि मला तो साम्याहून मोठा वाटतो. आपले नाव काठावर बाहेरून असते, कारण पंगतीला चार घरची भांडी एकत्र येतात आणि ती ज्याची त्याला परत जायला हवीत. होचा मजकूर आत, तळाशी. भांड्यात दारू भरली की अक्षरे बुडाली. म्हणजे समारंभात बसलेल्या जिवंत माणसांना ती दिसायचीच नाहीत. काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की हा मजकूर मुळी पितरांसाठी होता. ज्यांना दारू अर्पण करायची त्यांनीच तो वाचायचा. मला हे पटते. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने मातीचे भांडे पाण्याने भरून ठेवतात. त्यावर काही लिहिलेले नसते, तरी ते कुणासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. चिनी सरदाराने तीच गोष्ट काशात ओतून, खाली सही करून ठेवली.

मग बाहेरची नक्षी कुणासाठी? जिवंत माणसांसाठी. आणि ती नक्षी पाहणाऱ्याला सुखाने बसू देत नाही. हो-त्सुनचे तोंड गोल आहे आणि पोट चौकोनाकडे झुकणारे. वरपासून पायापर्यंत चार बाजूंना चार जाड, खाचा असलेल्या उभ्या कडा आहेत. गळ्यावर टोकदार पाने उभी आहेत. पोटावर एक मुखवटा आहे. वटारलेले दोन डोळे, मधोमध नाकाची कड आणि वर वळलेली शिंगे. ही शिंगे पोटापासून सुटून बाहेर आली आहेत. जबडा खाली पुरा होत नाही. धड नाही. मोकळी राहिलेली सगळी पार्श्वभूमी चौकोनी भोवऱ्यांनी भरून काढली आहे. थोडा वेळ रोखून पाहिले की मुखवटा दुभंगतो आणि नाकाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड करून उभे असलेले दोन प्राणी दिसू लागतात. पुन्हा पाहिले की परत एकच चेहरा.

हा चेहरा असा का, याचे उत्तर पुष्कळांनी धर्मात शोधले. प्राण्यांच्या मदतीने पुरोहित पितरांच्या जगाशी बोलत असे, असे पुरातत्त्वज्ञ क्वांग-ची चांग यांचे मत होते. त्याआधी कला-इतिहासकार मॅक्स लोअर यांनी १९५३ साली उलट बाजू मांडली. शांगांच्या नक्षीचे त्यांनी एकामागून एक अशा पाच शैलींत टप्पे लावले आणि हा आकार रेषांच्या खेळातून वाढत गेला, त्याचा नेमका अर्थ शोधत बसू नये, असे म्हटले. हे टप्पे त्यांनी केवळ नजरेने लावले होते आणि नंतरच्या उत्खननांनी तो क्रम बव्हंशी खरा ठरवला. माझा कल लोअर यांच्याकडे आहे, आणि त्याचे कारण भांडे घडवण्याच्या रीतीत आहे.

चिनी कारागीर हे भांडे ठोकून करीत नसत. आधी मातीचा नमुना करायचा. त्याच्यावर ओली माती थापून तिचे उभे तुकडे कापून काढायचे. हे बाहेरचे साचे. आत मातीचाच गाभा. दोन्हींच्या मध्ये राहिलेल्या फटीत तांबे, कथील आणि शिसे यांचा रस ओतायचा. नक्षी नमुन्यावर किंवा साच्याच्या मातीवरच कोरलेली. म्हणजे भांडे जन्मते तेच नक्षी घेऊन. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे रस थोडा बाहेर येणार आणि शिवण उमटणार. ती लपवण्याऐवजी कारागिरांनी तिचीच उभी कड केली, आणि चेहऱ्याचे नाकही उभ्या मध्यरेषेवर बसवले. डावा-उजवा भाग आरशासारखा सारखा येणे हे अशा तुकड्यांच्या कामाला सोयीचेच. भय पुढे ज्याला वाटायचे त्याला वाटले असेल. कारागिरासमोर आधी शिवणीचा प्रश्न होता.

आपल्याकडे रीत वेगळी, म्हणून नक्षीही वेगळी. तांबट पत्रा ठोकून भांडे उभे करतो. हातोडीच्या घावांनी जे मठारकाम होते तीच त्याची शोभा, आणि त्या घावांनी पत्रा कडकही होतो. परतवाड्यातून बैतूलकडे गेले की भरेवा कारागीर आहेत. ते गोंड आणि कोरकूंसाठी घंटा, दिवे, दागिने ओततात. त्यांचे काम मेणाचे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक वळ्या लावत नक्षी बांधायची, वर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण घालवायचे आणि त्या जागी पितळ ओतायचे. म्हणून त्यांच्या प्रत्येक वस्तूवर दोऱ्याच्या वेढ्यांसारख्या रेघा दिसतात. विदर्भात याहून जुनेही काही आहे. नागपूरजवळ माहुरझरीला शिळावर्तुळांच्या थडग्यांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याची झाकणे मिळाली, त्यांच्या शेंड्यावर पक्षी बसवलेले आहेत. ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली. मेलेल्या माणसाबरोबर पुरायच्या भांड्याच्या झाकणावर कुणीतरी पाखरू बसवले, एवढे कळते आणि तेवढे मला पुरते.

त्या चिनी चेहऱ्याकडे वळतो. त्याला ‘थाओ-थिये’ हे नाव मिळाले ते फार नंतर. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात चौकालीन भांड्यांवरच्या अशा तोंडाविषयी लिहिले आहे, की त्याला धड नाही. ते माणूस खायला गेले, पण गिळण्याआधी स्वतःचाच घात झाला. सोंग काळातल्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतल्या, चिनी संग्राहकांनी हेच नाव भांड्यांना लावले आणि ते चिकटले. मराठी वाचकाला इथे कीर्तिमुख आठवल्याशिवाय राहणार नाही. जुन्या देवळाच्या उंबऱ्यावर, देवाच्या मागच्या प्रभावळीच्या माथ्यावर ते बसलेले असते. जालंधराचा निरोप घेऊन राहू शंकराकडे आला, शंकराच्या क्रोधातून भुकेला गण निघाला, राहूने अभय मागितले आणि गणाला खायला काहीच उरले नाही. तेव्हा शंकराच्या सांगण्यावरून त्याने स्वतःलाच खाल्ले आणि नुसते तोंड शिल्लक राहिले. ही गोष्ट स्कंदपुराणात आहे.

दोन्हीकडे धड नसलेले तोंड, दोन्हीकडे खादाडपणा आणि दोन्हीकडे स्वतःचा घात. यावरून चीन आणि भारत यांचे धागे जुळवणारे लेख निघतात. मला तसा मोह होत नाही. चिनी चेहरा आपल्या कीर्तिमुखाच्या दीड-दोन हजार वर्षे आधीचा आहे आणि तोवर चीनमधून तो नाहीसाही झाला होता. मला दिसते ते एवढेच, की दोन्हीकडे चित्र आधी आले आणि गोष्ट मागून. लोकांनी धड नसलेला चेहरा पिढ्यान्पिढ्या पाहिला, मूळ कारण विसरले, आणि ‘याचे अंग कुठे गेले?’ या नातवंडांच्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिले.

या सगळ्यात दारू राहूनच गेली. राळ्यासारख्या भरड धान्याची ती दारू पितरांना अर्पण करीत आणि मग सगे मिळून पीत. शांग राजांच्या थडग्यांत तिच्या भांड्यांची रेलचेल आहे. आन्यांगला १९७६ साली फू हाओ या राणीचे न लुटलेले थडगे निघाले, त्यात साडेचारशेहून अधिक कांस्यवस्तू होत्या; घुबडाच्या आकाराचे दोन मद्यघटही त्यात आहेत. आणि शांगांना जिंकलेल्या चौंचे म्हणणे काय, तर हे लोक दारूपायी बुडाले. ‘शू-चिंग’ या प्राचीन ग्रंथात दारूविषयीचे एक फर्मान आहे. अर्पणाच्या प्रसंगाशिवाय पिऊ नका आणि टोळक्याने पिणाऱ्यांना पकडून आणा, मी त्यांना ठार करीन, असा त्याचा रोख. ज्या पिढीने हे बजावले त्याच पिढीत हो-त्सुन ओतले गेले. बदल सावकाश दिसला. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत दारूची भांडी कमी झाली, अन्नाची वाढली आणि पोटावरचा चेहराही विरघळून नुसत्या लाटांचा पट्टा उरला.

आमच्या डोंगरात दारूला भांडे नाही. मेळघाटात मोहाची दारू पळसाच्या पानाच्या द्रोणात घेतली तरी चालते. आधी थोडी जमिनीवर सांडायची, मग प्यायची. कोरकूंनी मृतांची आठवण दारूच्या भांड्यात न ठेवता सागाच्या लाकडात ठेवली. सिडोलीच्या विधीत मेलेल्याच्या नावाने कोरलेला ‘मुंडा’ उभा करतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. लाकूड उन्हापावसात झिजते आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. मी मुंड्यांकडे पाहतो तेव्हा होची आठवण मला थोडी हट्टी वाटते.

तरीही हट्टाने टिकलेल्या गोष्टींचा उपयोग होतो. अचलपूरच्या नैर्ऋत्येला चम्मक नावाचे खेडे आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात सात ताम्रपत्रे सापडली आणि पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी ती १८८८ साली प्रसिद्ध केली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातले चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले, त्याचा हा दस्त. दानाला अटीही आहेत. राजद्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांशी भांडायचे नाही. केले तर जमीन परत घेऊ. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकोनी पेट्या आहेत. चर्मांकचे चम्मक झाले, पण गाव तिथेच आहे, आणि पंधरा शतके ते तिथेच असल्याचा पुरावा ही सात पत्रे आहेत. ती ज्याला सापडली त्याने तांब्याच्या भावात विकली असती, तर आमच्या तालुक्याच्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते. अशी किती पाने भट्टीत गेली त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

घरोघरच्या भांड्यांतून राजांची भाषणे निघणार नाहीत, हे मला कळते. भांडी विकू नका, असेही मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या घरात घंगाळ ठेवायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण भांडे काट्यावर ठेवण्याआधी ते चिंच लावून घासा, उजेडात धरा, काठ, गळा आणि बूड तपासा. नाव, गाव, शक, देणाऱ्याचे नाते जे लागेल ते वहीत उतरवून घ्या. फोनवर एक फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवून विचारा, की हे कोण. ते माणूस आहे तोवरच विचारा.